सिग्नल कोणी तोडला

बाईंच्या हाताखाली जेवढी माणसं गाडी शिकली, तेवढ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: भर रस्त्यात शिकाऊ माणसाची चूक नसते. चौकात गाडी बंद पडली, मागून हॉर्नचा कल्ला सुरू झाला, कुणी काच खाली करून तोंड सोडलं, की शेजारच्या सीटवरून बाई हात बाहेर काढायच्या आणि म्हणायच्या, "चूक माझी." मग शिकाऊ माणसाला शांतपणे क्लच दाबायला सांगायच्या. खरी चूक कुणाची आणि ती का झाली, हे मैदानावर परतल्यावर, इंजिन बंद करून. बाईंचं म्हणणं असं की रस्त्यात ज्याची चूक काढली तो एकतर रडतो, नाहीतर पुन्हा स्टिअरिंगला हात लावत नाही. ड्रायव्हिंग स्कूलचे मालक चेष्टेनं म्हणायचे, बाईंनी इतक्या लोकांची पापं अंगावर घेतली आहेत की वर गेल्यावर यांच्यासाठी वेगळी खिडकी उघडावी लागेल.

ही सवय त्यांना शेजारच्या राज्यात, एका रिकाम्या चौकात नडली.

बाईंचा थोरला भाऊ तिकडे पुलाच्या कामावर होता. भाड्याच्या खोलीत एका रात्री झोपला तो उठलाच नाही. अंत्यविधी झाले, माणसं येऊन गेली, आणि मग त्याची खोली रिकामी करायचं काम तेवढं उरलं. ते करायला बाई आणि वहिनी दोघीच गेल्या, वहिनीच्या गाडीनं. गुंडाळलेली गादी, टेबल फॅन, दोन बॅगा, कामावरचे बूट. वहिनीनं त्याचे शर्ट असे घडी घालून भरले की जणू तो उद्या गावाला निघालाय. दोघींपैकी कुणीच रडलं नाही. खोलीचा मालक दारात उभा राहून बघत होता.

जाताना बाईंनी गाडी चालवली होती. परतताना वहिनीनं चावीसाठी हात पुढे केला. "मी चालवते, वन्सं." हे 'वन्सं' लग्नाच्या आठवड्यात थट्टेनं सुरू झालं होतं आणि थट्टा संपली तरी राहून गेलं होतं. बाईंनी चावी दिली. हातांना काहीतरी काम असलेलं बरं, असा त्यांचा विचार. शिवाय वहिनी गाडी चांगली चालवायची. बाईंनीच शिकवली होती.

दुपारची वेळ होती. एका लहान गावाच्या वेशीवर चौक आला, त्याच्यावर लाल दिवा. वहिनीनं वेग कमी केला नाही. बाईंचा पाय आपोआप खाली दाबला गेला. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपाशीही एक ब्रेक असतो. या गाडीत तिथे फक्त रबरी पायपुसणं होतं. गाडी लाल दिव्याखालून सरळ निघून गेली. डावीकडून कुणी आलं नाही, उजवीकडूनही नाही.

बाईंनी सांगितलं तेव्हा वहिनीनं गाडी कडेला घेतली आणि समोर बघत बसली. मग बाईंनी तेच केलं जे त्या कुठल्याही घाबरलेल्या विद्यार्थ्याबरोबर करत आल्या होत्या. खाली उतरल्या, वळसा घालून तिकडे गेल्या, दार उघडलं, वहिनीला दंडाला धरून शेजारच्या सीटवर बसवलं आणि स्वतः स्टिअरिंगमागे बसल्या. आरसा आपल्या उंचीला बसवत होत्या तेवढ्यात पोलीस खिडकीशी आला. तो चौकापलीकडे एका ट्रकच्या आडोशाला उभा होता. गाडी त्यानं पाहिली होती, आतलं माणूस नाही. सिग्नल दिसला नाही का, असं त्यानं विचारलं.

"चूक माझी," बाई म्हणाल्या.

त्यानं बाईंच्या नावावर चलान फाडलं. मागच्या सीटवरची गादी आणि बूट बघितले, आणि सावकाश जा म्हणाला.

परराज्यातली गाडी असेल तर तिकडे दंड परस्पर भरता येत नसे, कोर्टात जातीनं उभं राहावं लागे. बाई तारखेला निघाल्या तेव्हा वहिनीही आली. घरी बसून तरी काय करू, म्हणाली.

त्या कोर्टात वाहतुकीची प्रकरणं आत न्यायाधीशांपुढे जाण्याआधी बाहेर, व्हरांड्यातल्या एका टेबलावर निम्मी मिटत. टेबलामागे सरकारी वकील बसायचा. लोक रांगेनं येत, आपली रडकथा सांगत, तो ऐकून घेई, फाइलवर काहीतरी लिही, आणि आत गेल्यावर बहुतेकांचं थोडक्यात भागे. त्यामुळे निम्म्या लोकांना तो कोर्टाचा कारकून वाटायचा आणि उरलेल्यांना आपलाच वकील. पन्नाशीचा, सर्दीनं बेजार, मऊ आवाजाचा माणूस होता. बाईंची पाळी आली तेव्हा त्यानं आधी रुमाल खिशात ठेवला.

वकील आणलाय का, त्यानं विचारलं. बाई नाही म्हणाल्या. गरजही नाही, तो म्हणाला. एवढ्याशा कामाला वकील म्हणजे मुंगी मारायला तोफ. काय झालं ते मला सांगा, मी बघतो. मग त्याची नजर मागे गेली. या कोण?

बाईंनी सांगितलं. वहिनी. माझा भाऊ गेला, त्याचं सामान आणायला आलो होतो तेव्हाची गोष्ट.

त्यानं पेन खाली ठेवलं आणि वहिनीला बसायला खुर्ची दिली. कसे गेले, त्यानं विचारलं. आधी काही दुखत होतं का? त्या रात्री जेवले होते का? कुणी पाहिलं पहिल्यांदा? वहिनी एकेक उत्तर देत गेली. भाऊ गेल्यापासून ती सलग इतकं कुणाशीच बोलली नव्हती. बाई शेजारी उभ्या राहून ऐकत होत्या आणि त्यातलं बरंचसं त्यांनाही नवीन होतं. त्या रात्री त्याचा फोन येऊन गेला होता. वहिनी केस धूत होती, तिनं उचलला नाही, आणि मग सकाळी करू म्हणून राहू दिला. हे बाई व्हरांड्यात, परक्या माणसासमोर, पहिल्यांदा ऐकत होत्या.

"कशासाठी केला असेल?" सरकारी वकिलानं विचारलं.

"कळलं नाही," वहिनी म्हणाली. मग त्याच आवाजात म्हणाली, "सिग्नल मी तोडला. गाडी मी चालवत होते. यांनी उगाच स्वतःवर घेतलं."

त्यानं बाईंकडे बघितलं. बाईंनी होकारार्थी मान डोलावली.

"बरं केलंत सांगितलंत," तो म्हणाला. "घाबरू नका. इथलं इथेच राहील."

आत न्यायाधीशांपुढे तो उभा राहिला आणि त्याच मऊ आवाजात म्हणाला की आरोपीनं पोलिसाला खोटी माहिती दिली आहे, तशी कबुली तिनं आत्ताच आपल्यापुढे दिली आहे, सबब तो वाढीव आरोप नोंदवून घ्यावा आणि तिच्या राज्यातल्या परवाना कार्यालयाला कळवावं. न्यायाधीशांनी बाईंना विचारलं, हे खरं का? बाई हो म्हणाल्या. खरंच होतं ते.

सिग्नल तोडणं ही किरकोळ गोष्ट होती. बाईंच्या परवान्यावर एक शेरा पडला असता आणि विषय संपला असता. पोलिसाला खोटी माहिती देणं मात्र किरकोळ नव्हतं. तो आरोप शाबीत झाला तर गाडी चालवता आली असती, पण शिकवता आली नसती, पुन्हा कधीच. निकाल लागेपर्यंतही शेजारच्या सीटवर बसायला बंदी आली. मालकांनी हे बाईंना सांगितलं तेव्हा ते त्यांच्याकडे न बघता भिंतीवर टांगलेल्या चाव्यांकडे बघत होते. काउंटरवर बसा, म्हणाले, वेळा लावून द्या लोकांना. मग म्हणाले, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ब्रेक नसलेल्या जागी बसताय, जपून.

बाई हसल्या. हसू आलं म्हणून नव्हे, मालकांना बरं वाटावं म्हणून. दातांच्या डॉक्टरकडून परतल्यावर ओठ जागेवर आहे की नाही ते बोटानं चाचपून बघावं, तशा त्या या दिवसांत अधूनमधून स्वतःला चाचपून बघायच्या. भावाची बातमी आली तेव्हा त्यांनी आधी गॅस बंद केला होता, मग दूध झाकलं होतं, मग खाली बसल्या होत्या. तेव्हापासून सगळं त्याच क्रमानं चाललं होतं. फक्त शिकवताना तसं व्हायचं नाही. दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग, आपला पाय ब्रेकवर, डोळे पुढच्या वळणावर. तेवढा वेळ डोकं गप्प असायचं. ते गेलं तर उरलेला दिवस कसा काढायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि भीती वाटायची ती तेवढ्याचीच.

बाईंची एक जुनी विद्यार्थिनी वकील झाली होती. गाडी अजून तिसऱ्या गिअरच्या वर नेत नाही, असा तिचा लौकिक होता, पण कायद्यात हुशार. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि सरकारी वकील नेमकं काय म्हणाला ते बाईंकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं.

"समोरच्या माणसाला वकील नसेल तर सरकारी वकिलानं त्याला एकच सल्ला द्यायचा असतो, वकील घ्या," ती म्हणाली. "गरज नाही, मी बघतो, इथलं इथेच राहील, यातलं एकही वाक्य त्यानं बोलायचं नसतं. तो तुमच्या बाजूचा नाही, बाई. तो समोरून येणारा ट्रक आहे."

वकिलांच्या शिस्तपालन समितीकडे तक्रार गेली. समितीनं त्याचं वागणं चूक ठरवलं तर कबुली, कोर्टातल्या त्या होकारासकट, बाद करून घेता येणार होती, आणि कबुली गेली की त्या आरोपात काही उरत नव्हतं. सरकारी वकिलाचं उत्तर आलं: आपण माणुसकीनं चौकशी केली, आश्वासन कसलंही दिलं नाही, आरोपी आपणहून बोलली. म्हणजे त्याचा शब्द आणि बाईंचा शब्द. तिसरं माणूस एकच होतं.

बाई वहिनीकडे गेल्या. ती कपड्यांना इस्त्री करत होती, तिचेच कपडे. समितीपुढे यावं लागेल, असं बाईंनी सांगितलं.

"काय सांगायचं?" वहिनीनं विचारलं.

"जे ऐकलंस ते."

"बरं."

यापलीकडे दोघी बोलल्या नाहीत. साक्षीदाराला पढवायचं नाही, असं विद्यार्थिनीनं बजावलं होतं, आणि बाईंना ते सोयीचंही होतं.

समितीची खोली वरच्या मजल्यावर होती. लांबट टेबल, पाण्याचा जग, खिडकीशी एक खुर्ची जिचा एक पाय आखूड होता. तीन सदस्य; मध्ये अध्यक्षा, निवृत्त न्यायाधीश, केस आखूड कापलेल्या आणि चष्मा गळ्यात अडकवलेला. सरकारी वकील आधीच येऊन बसला होता. आज त्याला सर्दी नव्हती. वहिनी आत आली तसा तो अर्धवट उठला आणि कशा आहात, असं विचारलं. वहिनी बरी आहे म्हणाली. विद्यार्थिनीनं बाईंच्या पायाला टेबलाखालून पाय लावला, बघा म्हणून. बाईंनी बघितलं होतं.

अध्यक्षांनी वहिनीला सरळच विचारलं. "'इथलं इथेच राहील' असं ते म्हणाले?"

"हो."

"नक्की? नंतर कुणाकडून ऐकलं असं नाही?"

"मी खुर्चीवर बसले होते, ते समोर होते. वकिलाची गरज नाही, असंही म्हणाले. मुंगी मारायला तोफ कशाला, म्हणाले."

सरकारी वकिलानं आपल्या हातांकडे बघितलं. विद्यार्थिनीनं पेनाला टोपण लावलं. काम झालं होतं. अध्यक्षा चष्मा काढत होत्या, आणि रीत म्हणून त्यांनी विचारलं की आणखी काही सांगायचं आहे का.

"मला यांच्याविरुद्ध काही म्हणायचं नाही," वहिनी म्हणाली.

अध्यक्षांनी चष्मा परत लावला.

"यांनी मला विचारलं," वहिनी म्हणाली. "कसे गेले, काय जेवले होते, फोन कशासाठी केला असेल. घरात कुणी विचारलं नाही. मी खोलीत आले की सगळे हवापाण्यावर बोलायला लागायचे."

"त्यांनी ते विचारायला नको होतं," अध्यक्षा म्हणाल्या. आवाज कडक नव्हता.

"ते आता कळलं." वहिनी म्हणाली. "आणि सिग्नल मी तोडला. लाल दिवा मला दिसला होता. दिसला आणि पाय उचलावासा वाटला नाही. हे मला पोलिसाला सांगायचं होतं. पण मी तोंड उघडायच्या आत वन्संनी चूक माझी म्हणून टाकलं. शिकवताना म्हणतात तसं. मी काही शिकाऊ नव्हते. ती चूक माझी होती."

रांगेत कुणी आपली पिशवी चुकून उचलली तर आपण जसं सांगतो, त्या सुरात तिनं हे सांगितलं. बाई दोन खुर्च्या सोडून बसल्या होत्या. आपल्याला आता काहीतरी व्हायला हवं, असं त्यांना वाटलं. त्या वाट बघत राहिल्या. टेबलावरचा जग, त्यावरचं झाकण, झाकणावरचा थेंब, सगळं स्पष्ट दिसत होतं.

मग अध्यक्षांनी सरकारी वकिलाला विचारलं, तुमचं यावर काय म्हणणं आहे?

"मी सगळ्यांना तसंच विचारतो," तो म्हणाला. "विचारलं की लोक बोलतात."

खाली गाडीपाशी आल्यावर विद्यार्थिनी खुशीत होती. यापेक्षा चांगली साक्ष मागून मिळाली नसती, असं म्हणाली आणि बसस्टँडकडे गेली. बाईंनी गाडी काढली. शहर मागे पडलं.

"फोनचं तू मला कधी बोलली नाहीस," बाई म्हणाल्या.

"तुम्ही विचारलं नाहीत, वन्सं."

बाईंनी एक ट्रक पुढे जाऊ दिला. मग विचारलं, त्या आठवड्यात आणखी कधी फोन झाला होता का, काय बोलला होता. वहिनीनं मान काचेला टेकवली.

"आता नको," ती म्हणाली. "आता एकदा सांगून झालंय."

निकाल बाईंच्या बाजूनं लागला. समितीनं सरकारी वकिलाला लेखी समज दिली. कबुली बाद झाली, खोट्या माहितीचा आरोप मागे घेतला गेला, परवान्यावरची बंदी उठली. मालकांनी भिंतीवरची चावी काढून काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, घ्या, तुमच्या जागी बसून मी चार दिवसांत चार किलो उतरलो. पहिली शिकवणी एका बँकेतल्या माणसाची होती. त्यानं पहिल्याच चौकात गाडी बंद पाडली. बाईंचा हात काचेबाहेर गेला आणि तसाच राहिला. मागचा हॉर्नवाला बोलून थकला तेव्हा त्यांनी हात आत घेतला. बँकवाल्याला क्लच दाबायला सांगितलं. त्यांचं डोकं गप्प झालं होतं. तेवढं त्यांना परत मिळालं.

सिग्नल मात्र कुणीतरी तोडला होता, आणि आता कोण ते रेकॉर्डवर होतं. वहिनीला नोटीस आली. वकील देऊ का, असं विद्यार्थिनीनं विचारलं, तर वहिनी नको म्हणाली; मला नाकारायचं नाहीये. तारखेला बाई तिला घेऊन गेल्या. वहिनीनं इस्त्रीची साडी नेसली होती. वाटेत ती दोनदा म्हणाली की तिथे तेच बसत असतील ना. बाई म्हणाल्या, असतील. समज दिली म्हणजे काढून टाकलेलं नाही.

तोच व्हरांडा होता आणि टेबलामागे तोच माणूस. रांग मात्र पूर्वीपेक्षा भराभर सरकत होती. पुढे आल्यावर त्याचं कारण कळलं. तो आता प्रत्येकाला एका कागदावरचं वाचून दाखवत होता, आणि लोक ऐकून पुढे जात होते. म्हातारा असो, कडेवर पोर घेतलेली बाई असो, तीच चार वाक्यं. मी सरकारतर्फे काम करतो. मी तुमचा वकील नाही. तुम्हाला वकील घेण्याचा हक्क आहे. प्रकरणाबद्दल किंवा इतर कशाहीबद्दल मला काही सांगू नका.

वहिनीची पाळी आली. त्यानं मान वर केली आणि तिला ओळखलं. ते बाईंना दिसलं.

"फोन कशासाठी होता ते कळलं," वहिनी म्हणाली. "शेजारच्या खोलीतल्या माणसानं सांगितलं. तुम्ही विचारलं होतं ना..."

त्यानं तळहात वर केला. हळूच, पण केला. मग कागद हातात घेऊन पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत वाचला. वाचताना त्याचा आवाज पूर्वीसारखाच मऊ होता.

"समजलं?" त्यानं विचारलं.

"हो," वहिनी म्हणाली.

त्यानं आतल्या दाराकडे बोट केलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं. दोघी भिंतीलगतच्या बाकावर बसल्या. वहिनीनं पदर नीट केला, तो नीटच होता. आत कुणाचं तरी प्रकरण चालू होतं, न्यायाधीशांचा आवाज शब्द न कळता येत होता. आपण केलेल्या तक्रारीत एक अक्षरही चुकीचं नव्हतं, हे बाईंनी मनात एकदा तपासून बघितलं. नव्हतंच.

"कशासाठी होता?" त्यांनी विचारलं.

बाई थांबल्या. शिकवताना त्यांना थांबायची सवय होती, पण हे थांबणं वेगळं होतं, यात पायाखाली काही नव्हतं.

"शर्टाला डांबर लागलं होतं," वहिनी म्हणाली. "ते कशानं निघतं, विचारायला."

"मग?"

"मग काय. मी उचलला नाही. शेजारच्याला विचारून आला, त्यालाही माहीत नव्हतं."

"कशानं निघतं?"

"रॉकेलनं. आधी रॉकेल चोळायचं, मग साबण." तिनं हातांनी चोळून दाखवलं, थोडंसं, मांडीवर. "गरम पाणी नाही वापरायचं. गरम पाण्यानं पसरतं."

आतून तिचं नाव पुकारलं गेलं. बाईंना उठावंसं वाटलं, पण त्या उठल्या नाहीत. वहिनी उठली, चप्पल सरळ केली आणि एकटी आत गेली.